वरच्या मजल्यावर गेलेली यादी

धीर धरणं हा प्रकार भीमाशंकर हत्तुरेंना ठाऊकच नव्हता. लेकीच्या, अक्षताच्या लग्नाला आठ दिवस उरले होते आणि मानपानाची यादी अजून त्यांच्या खिशातल्या पामटॉपमध्येच, त्या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरमध्येच होती. ती घरच्या कॉम्प्युटरवर उतरली, की छापून मांडवातल्या माणसांच्या हाती देता येणार होती.

यादीत प्रत्येक नावापुढे त्याला काय द्यायचं ते लिहिलं होतं. कुणाला फेटा, कुणाला टॉवेल-टोपी, कुणाला नुसता नारळ. आणि वरच्या मजल्यावरच्या हिंदुरावांपुढे लिहिलं होतं, 'नुसता टॉवेल. लई बोलतो.' भीमाशंकरांचं दुकानच टॉवेलचं. टॉवेल घरचा, टोपी विकतची. परवा पाण्याच्या टाकीवरून दोघांची जुंपली, तेव्हा रागाच्या भरात त्यांनी यादीतून हिंदुरावांची टोपी उडवली होती. वास्तविक अक्कलकोटचं हे स्थळ हिंदुरावांनीच आणलेलं, आणि मुलाकडची मंडळी त्यांच्या शब्दाबाहेर नव्हती.

"तार लागत न्हाय, ब्लूटूथ हाय," कॉम्प्युटर बसवणाऱ्या सोमेशनं सांगितलं होतं. तारच नाही तर कॉम्प्युटरपाशी तरी कशाला बसायचं, म्हणून भीमाशंकर गॅलरीतल्या झोपाळ्यावर बसले. पामटॉपवर 'होम' असं नाव उमटलं. त्यांनी सोमेशनं पासवर्ड म्हणून दिलेली चार शून्यं दाबली आणि मिनिटभरात सगळी नावं गेली.

"अक्षता, गेली बघ यादी! छाप आता."

"कशी छापू, पप्पा? तासभर लाइट न्हाय. आपला कॉम्प्युटर बंद आहे की."

भीमाशंकर असे उठले की झोपाळा मागून येऊन पोटऱ्यांवर आदळला. लोडशेडिंगच्या वेळी अख्ख्या बिल्डिंगमध्ये इन्व्हर्टर चालायचा तो एकट्या हिंदुरावांचा. त्यांच्याकडेही असाच पामटॉप होता आणि कॉम्प्युटरही सोमेशनंच बसवलेला. सोमेश प्रत्येक कॉम्प्युटरचं नाव 'होम' ठेवायचा आणि प्रत्येकाला चार शून्यंच द्यायचा.

"त्यांनी वाचलं तर?" अक्षतानं घाबरून विचारलं.

"अक्कलकोटला एक फोन फिरवतील. संपलं की लगीन!"

दोन-दोन पायऱ्या चढत ते वर गेले.

"या की हत्तुरे. परत पाण्याचंच काय?" हिंदुरावांनी दार उघडलं.

"न्हाय ओ. तुमचा कॉम्प्युटर बघू म्हटलं जरा. व्हायरस आलाय म्हणं आपल्या जुळे सोलापुरात."

"आँ? बघा, बघा! मुक्ता, चहा टाक गं."

मुक्ताबाईंच्या चहाला उकळी येईपर्यंत भीमाशंकरांनी घामाघूम होऊन आपल्या यादीतलं एकूण एक नाव पुसलं. चहा एका दमात घशात ओतला, जीभ भाजली आणि सुटकेचा निःश्वास टाकत ते खाली आले.

अक्षता दारातच उभी होती. "पप्पा, लाइट आली! आपला कॉम्प्युटर लावला आणि झोपाळ्यावर राहिलेल्या पामटॉपवरनं परत पाठवली यादी. गेली पण. फक्त आपल्यात दिसत नाही कुठं."

पामटॉपनं मघाचंच 'होम', म्हणजे हिंदुरावांचं घर, धरून ठेवलं होतं.

भीमाशंकर पुन्हा वर धावले. हिंदुराव चष्मा नाकावर ओढून कॉम्प्युटरसमोरच बसले होते. "काय ओ, व्हायरस परत आला काय?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

"न्हाय, न्हाय, सहज आलतो," म्हणत भीमाशंकर आल्या पावली परतले.

पुढचे आठ दिवस फोन वाजला की ते भरल्या ताटावरून उठायचे. बायकोनं, रुद्राणीबाईंनी विचारलं, तर पित्त झालंय म्हणायचे. हिंदुरावांसाठी त्यांनी सगळ्यांत भारी फेटा आणून ठेवला.

लग्न लागलं. अक्षता दिल्या घरची झाली, तेव्हा कुठे भीमाशंकरांचा जीव भांड्यात पडला. फेटा घेऊन ते हिंदुरावांना शोधत निघाले. हिंदुराव डोक्यावर कोरी करकरीत टोपी घालून पहिल्याच रांगेत बसले होते.

"फेटा ऱ्हाऊ द्या ओ," त्यांनी हात पुढे केला. "टोपी घरनंच घालून आलोय. टॉवेल तेवढा द्या."

भीमाशंकरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मानपानाच्या ढिगातला टॉवेल देत ते म्हणाले, "हिंदुराव, ते रागाच्या भरात लिहिलं ओ..."

"आन् लई बोलतो म्हनता," हिंदुराव टॉवेल खांद्यावर टाकत म्हणाले, "आट दिवसांत अक्कलकोटला एक शब्द तरी बोललो काय?"