पाचवा गडी

माणसाने घरात आपल्या पराक्रमाच्या गोष्टी जरूर सांगाव्यात, पण पुढे कुणी त्यांचा उपयोग करू पाहील इतक्या खऱ्या वाटू देऊ नयेत. मी ही काळजी घेतली नाही. आमची कन्या लहान असताना तिला भरवताना मी सांगत असे, की ऑफिसात कॉम्प्युटरवर गेम खेळावा तर तुझ्या बापाने. (उद्देश एवढाच, की तिने तोंड उघडावं आणि घास आत जावा.) आता ती दुसऱ्या शहरात नोकरीला आहे. एका रविवारी तिचा फोन आला.

"बाबा, आमच्या ऑफिसात गेमिंगची स्पर्धा आहे. प्रत्येक टीममध्ये घरचा एक माणूस हवाच, असा नियम आहे. आई नाही म्हणाली. तू खेळायचास ना?"

इथे थोडं खासगी सांगतो. तिचे फोन अलीकडे दीड मिनिटाचे झाले होते. "जेवलीस?" "हो." "काम फार आहे?" "आहे." "बरं, ठेव." या दीड मिनिटावर आम्ही दोघं नवराबायको आठवडा काढायचो. आणि आता ती म्हणत होती, की महिनाभर रोज संध्याकाळी एक तास सराव करावा लागेल, माझ्याबरोबर.

"खेळायचो म्हणजे काय!" मी म्हणालो. एवढं एक वाक्य न बोलता मला फोन ठेवता आला असता.

खरं काय ते तुम्हाला सांगतो, घरी सांगू नका. आमच्या ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला तो माझ्या टेबलावर, कारण उन्हापासून लांब असं ते एकच टेबल होतं. पाठोपाठ कुणीतरी फ्लॉपीतून एक खेळ आणला. वरून दगड पडायचे, खाली आपण विमान हलवायचं. अख्खा खेळ एका फ्लॉपीत मावायचा आणि वर जागा उरायची. त्यात एक सोय होती. एफ-टेन दाबलं की विमान गायब आणि पडद्यावर आकड्यांचा भलामोठा तक्ता! आम्ही त्याला साहेब-बटण म्हणायचो. कपाटापलीकडे साहेबांचे बूट वाजले की माझं बोट आपोआप पडायचं. अकरा वर्षांत एकदाही सापडलो नाही. उलट साहेबांनी एकदा पाठीवर हात ठेवला, "तुम्हाला आकड्यांची फार आवड दिसते," म्हणाले, आणि माझी बदली सांख्यिकी विभागात केली. तिथे नऊ वर्षं मी खरे तक्ते भरले. विमानाचं म्हणाल, तर तिसऱ्या पातळीपुढे मी कधी गेलोच नाही. मला खेळता येत नव्हतं, लपवता येत होतं.

तर घरातला जुना कॉम्प्युटर घेऊन मी दुकानात गेलो. दुकानदाराने झाकण उघडलं, आत पाहिलं आणि मला हळूच बाजूला घेतलं.

"काका, यात सध्या काय काय चालतं?"

"सगळं चालतं."

"पंखा चालतोय," तो म्हणाला. "बाकीचं राहू द्या."

मग घरी नवा खोका आला. एका बाजूने काच, आत लाल-निळे दिवे. बायको बराच वेळ त्याच्याकडे बघत उभी राहिली.

"अहो, याच्यावर फडकं टाकू का?"

"नको, त्याला गरम होतं."

"मग आत दिवे कशाला लावलेत?"

हे मी दुकानदाराला फोन करून विचारलं. त्यालाही सांगता आलं नाही. खेळ उतरवून घ्यायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी उत्साहाने उघडला, तर तो जुना झाला होता म्हणून आणखी एक दिवस नवा होत बसला.

खेळ असा, की एका पडक्या कारखान्यात पाच जणांनी आपला झेंडा राखायचा आणि दुसऱ्या पाच जणांचा पळवायचा. आमच्या टीममध्ये कन्या, 'डुलकी' नावाची तिची मैत्रीण, 'हातोडा' आणि 'मुंगळा' हे तिचे सहकारी, आणि मी. खेळातलं नाव विचारलं तेव्हा मी सवयीने 'वरिष्ठ लिपिक' लिहून टाकलं. मला काम दिलं झेंड्यापाशी बसून राहण्याचं. ते मी चोख करीत होतो. एकतीस वर्षांच्या नोकरीत दुसरं केलंय काय?

फक्त एका गोष्टीचा मला धक्का बसला. या खेळात साहेब-बटणच नव्हतं!

"साहेब आले की काय दाबायचं?" मी कन्येला विचारलं.

"कोण साहेब? बाबा, स्पर्धा आमच्या साहेबांनीच ठेवलीय."

पण माझ्या बोटाला हे कुणी सांगायचं? दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "काका, ऑल्ट आणि एफ-फोर एकदम दाबा, सगळं बंद होतं." हे ज्ञान त्याने मला द्यायला नको होतं. दुसऱ्याच दिवशी सराव ऐन रंगात आला असताना दाराशी बायकोच्या सपाता वाजल्या, आणि माझी दोन बोटं दोन बटणांवर पडली. खेळ गेला, दिवे तेवढे राहिले.

"काय करताय?" बायको म्हणाली.

"काही नाही," मी म्हणालो. (पुढ्यात काहीच नव्हतं, त्यामुळे हे खरंही होतं.)

लगेच कन्येचा फोन. "बाबा, गेलास कुठे?"

"नेट गेलं," मी म्हणालो.

त्या आठवड्यात नेट नऊ वेळा गेलं. शेवटी कन्येने तिकडूनच तक्रार नोंदवली आणि नेटवाला दारात हजर झाला. त्याने वायर तपासली, डबी बदलली, खांबावर चढून आला.

"काका, लाइन एकदम ठणठणीत आहे. जातं तेव्हा नक्की काय होतं?"

"काही नाही हो," आतून बायको म्हणाली, "मी खोलीत गेले की जातं."

नेटवाल्याने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि वहीवर माझी सही घेऊन निघून गेला. मग मला सगळं कबूल करावं लागलं. बायकोला वाईट वाटलं.

"म्हणजे मी तुमची साहेब का?"

"अगं, तसं नाही. सवय आहे."

"मग मोडू या." असं म्हणून ती रोज संध्याकाळी माझ्या खुर्चीमागे कमरेवर हात ठेवून उभी राहू लागली. पहिल्या दिवशी मी बारा मिनिटं टिकलो. तेराव्या मिनिटाला भान आलं तेव्हा माझ्या पुढ्यात आकड्यांचा कोरा तक्ता उघडा होता आणि मी त्यात बेरजा करीत होतो.

पण याच दिवसांत एक गोष्ट घडली. सराव संपला की कन्या फोनवर रेंगाळू लागली. एकदा तर ती चाळीस मिनिटं बोलली! आणखी काही वर्षांनी घरात खोकासुद्धा लागणार नाही म्हणाली. खेळ कुठेतरी लांब चालेल, घरी नुसतं चित्र येईल. त्यापुढे बरोबरचे गडीही कॉम्प्युटरच असतील, आपल्या स्वभावाला जुळतील असे.

"मग माणसाने काय करायचं?"

"बघायचं, बाबा."

मला तिथल्या तिथे खचल्यासारखं झालं. मी झेंड्यापाशी बसून तेच करीत होतो. पण फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "चाळीस मिनिटं!" आणि डोळे पुसत आत गेली. तेव्हा मला नीट कळलं, की ही जागा मला सोडून चालणार नाही.

शेवटचा सामना रविवारी दुपारी चार वाजता होता. बायको आपण होऊन बहिणीकडे गेली. मी दाराला कडी घालायला हवी होती. (घालायला हव्या होत्या अशा कड्यांची माझी यादी मोठी आहे.) पाच डाव होते. चार झाले, दोन-दोन अशी बरोबरी. हेडफोनमधून कानात सगळ्यांचे श्वास ऐकू येत होते. "बाबा, या डावात हलू नकोस हं," कन्या म्हणाली. मी श्वासही बेताने घेत होतो.

शेवटचा डाव सुरू होण्याआधी पडदा क्षणभर काळा झाला. त्या काळ्या पडद्यात, माझ्या खांद्यामागे, मला एक चेहरा दिसला. बायकोला बहिणीकडे करमेना. लेकीचा खेळ एकदा तरी बघावा म्हणून ती सपाता हातात घेऊन, चवड्यांवर चालत, हूं की चूं न करता मागे येऊन उभी राहिली होती.

माझी बोटं पडली.

"अहो!" ती ओरडली.

कानातले आवाज बंद. माझी पाचावर धारण बसली. घाईघाईने खेळ पुन्हा उघडला, तो आरामात उघडू लागला. मोबाइल वाजला. बायकोने तो स्पीकरवर टाकला.

"आलो! आलोच बाळा! पुन्हा जोडायचं बटण दिसतंय, दाबतो!"

"दाबू नकोस!" कन्या किंचाळली. "बाबा, अजिबात येऊ नकोस!"

"अगं, पण झेंडा…"

"माणूस गेला की सामन्यात त्याच्या जागी कॉम्प्युटर खेळतो. तो मस्त खेळतोय! तू आहेस तिथे बस!"

मी बसलो. फोनमधून डुलकी ओरडत होती, "लिपिक काका, भारी!" मला एक क्षण बरं वाटलं. मग लक्षात आलं, की नाव तेच ठेवून खेळणारा बदलला होता. माझ्या जागी बसलेल्या त्या वरिष्ठ लिपिकाने झेंडा राखला, वर समोरच्यांचा पळवूनही आणला. चार मिनिटांत सामना संपला. तिकडे आरडाओरडा, टाळ्या. मी जोडायच्या बटणावर बोट धरून तसाच बसलो होतो. मला फार वाईट वाटलं. एकतीस वर्षांत माझ्या नावावर झालेलं हे पहिलंच मोठं काम, आणि ते होण्यासाठी मला निघून जावं लागलं होतं.

थोड्या वेळाने कन्या फोनवर आली. आवाज मऊ होता.

"बाबा, आता पुढच्या महिन्यात सगळ्या शाखांची स्पर्धा आहे. येशील ना?"

"मी कशाला?" मी म्हणालो. "त्यालाच घ्या."

"नुसता कॉम्प्युटर चालत नाही. नियम आहे. नाव घरच्या माणसाचंच लागतं आणि सुरुवात त्यानेच करायची. तू यायचंसच. सरावही रोज करू या, गप्पा होतात ना आपल्या. फक्त सामना सुरू झाला की…" ती जरा अडखळली. "आई आहे का तिथे?"

"आहे ना," बायको पुढे होऊन म्हणाली. "कितव्या मिनिटाला येऊ ते सांग. आणि सपाता घालून येऊ, की नुसतीच?"