आबांचा समोरचा पक्ष

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी भास्करआबांचं नाव घेतो. आणि भास्करआबा कोण, असं विचारलं तर आधी त्यांचं फोनवरचं बोलणं सांगावं लागतं. जळगावात त्यांचा प्लास्टिकच्या चटयांचा कारखाना आहे. धुळ्याला आवाजी निरोप पाठवायचा झाला, की आबा कारखान्याच्या दारात येणार, पश्चिमेकडे तोंड करणार, फोन ताटासारखा तळहातावर धरणार आणि ओरडणार. मी एकदा म्हणालो, "आबा, हळू बोललात तरी पोचतं."

"भुसावळले पोचत व्हई," आबा म्हणाले. "धुळं लांब शे!"

माझे वडील त्यांच्याकडे मशीनवर होते. पिंप्राळ्यातल्या आमच्या एका खोलीत अभ्यास होत नसे, म्हणून आबांनी मला गोडाऊनमध्ये जागा दिली. चटयांच्या थप्पीवर बसून मी बारावी झालो आणि पुढे वकिलीही. आमच्या घरातला पहिला पदवीधर. पेढे घेऊन गेलो तर आबा म्हणाले, "चटईवर बसून वकील झालास, आता चटईचा वकील हो." असा त्यांचा दावा माझ्याकडे आला.

दावा होता धुळ्याच्या मुरलीनानांवर. नाना आबांचे जुने गिऱ्हाईक आणि त्याहून जुने मित्र. करार असा, की नानांनी चटया दिवाळीआधी उचलायच्या. त्यांनी उचलल्या नाहीत. ऐन दिवाळीच्या तोंडावर त्यांच्या पत्नी, आबांना भाऊ मानणाऱ्या अक्का, वारल्या. पुढे कितीतरी महिने नाना काही बोलेनात, माल पडून राहिला. शेवटी आबांनी नोटीस पाठवली. नानांचं उत्तर आलं: मुदत आबांनीच वाढवून दिली होती, आणि तशीही चटई हलकीच आहे. मुदतीचं आबांनी गिळलं असतं. 'हलकी' वाचून मात्र ते पेटले.

"मुदत? मी असं कधी बोललोच नाही! लाव दावा!"

त्या दिवसापासून नानांचं नाव घ्यायची सगळ्यांना बंदी. मी नोटिशीत लिहिलेला 'समोरचा पक्ष' हा शब्द त्यांना फार आवडला. "समोरचा पक्ष बारीक झाला का रे? जेवत नसेल." एका तारखेला नाना कोर्टाच्या आवारात उन्हात उभे होते. आबा मला कोपराने ढोसून म्हणाले, "समोरच्या पक्षाले सांग, सावलीमा उभा राहा. पण मी सांगितलं असं सांगू नको."

मग नानांच्या वकिलांनी अर्ज दिला. नानांचा फोन दवाखान्याच्या धावपळीत हरवला होता. दोघांतले आवाजी निरोप आता फक्त आबांच्या फोनमध्ये आहेत, ते हजर करावेत. कोर्टाने आदेश काढला. सगळे निरोप द्यायचे, आबांच्या विरोधात जाणारेसुद्धा.

मी कारखान्यात बसून एकेक ऐकू लागलो. आबा शेजारी. चटईबद्दल थोडं, बाकी सगळं भरिताची वांगी, गुडघे आणि बोदवडच्या कुठल्या तरी वैद्याचं तेल. मग नानांचा एक निरोप लागला.

"आबा, तू म्हणतोस तर माल दिवाळीनंतरच उचलतो. इथून पाय निघत नाही रे."

आणि मागून अक्कांचा दमलेला आवाज: "भाऊले सांगा, मी बरी शे. भाऊबीजले या म्हना."

मी फोन थांबवला. "आबा, हे दिलं तर दावा गेला."

आबा फोनकडे वाकले. "बोललो होतो म्हणजे मी," ते म्हणाले. मग, "परत लाव."

परत लावला. मी चाचरत म्हणालो, "द्यावं तर लागेलच. मी लेखी उतारा करून देतो. आवाज द्यायची गरज पडणार नाही."

"कागदमा ती बोलस का?" आबा कडाडले. "त्याना फोन हरपना. त्यानाकडे तिना आवाज नही. आणि दावा लावून बसलेला मी, आता कसा जाऊ द्यायला? कोर्टाने सांगितलंय ना? मंग दी टाक. बठ्ठं, एकूण एक निरोप."

निरोप ऐकायला नाना माझ्या ऑफिसात आले. आबा आले नाहीत, आणि नंतर विचारलंही नाही. मी सांगायला गेलो की "नाव काढू नको" म्हणायचे. म्हणून मी त्यांना पत्र लिहिलं.

तीर्थरूप आबांस साष्टांग नमस्कार.

नाव न काढता कळवतो. समोरचा पक्ष काल वकिलांसह आला होता. मुदतीचं वाक्य लागताच त्यांचे वकील खूश झाले, उतरवून घेऊन निघा म्हणाले. पक्ष उठला नाही. त्याने वकिलांना चहाला पाठवलं आणि मला म्हणाला, परत लावा. मी लावत राहिलो. शेवटी मी तो आवाज त्याच्या नव्या फोनमध्ये घालून दिला.

दावा आपण हरू, असं मला वाटतं. माझा पहिलाच मोठा दावा, तरी मला त्याचं वाईट वाटत नाही. आपण मला शिकवलंत ते वाया गेलं, असं मानू नये.

निघताना पक्षाने विचारलं, "रविवारी आबा घरी असतो का?" मी म्हणालो, आमच्या पक्षकाराची माहिती आम्ही देत नसतो.

तरी रविवारी आपण कुठेही जाऊ नये, असा वकील म्हणून माझा सल्ला आहे.

आपला,
सुनील