सुमनअक्का आणि दोन गावचे बँड

दोन दुकानांत एकच भाव ऐकला की सुमनअक्कांच्या छातीत धडधडायचं. जळगावच्या बाजारात बाकीच्या बायका भाव जास्त म्हणून भांडायच्या. अक्का भाव सारखा म्हणून घाबरायच्या. असोद्याहून भरताची वांगी घेऊन आलेल्या बायका शेजारीशेजारी बसलेल्या असायच्या. त्या सगळ्यांनी एकच भाव सांगितला की अक्का रिकामी पिशवी पोटाशी धरून मला म्हणायच्या, "दिगंबर, इथे संगनमत आहे. चल." मग आम्ही वांग्यांशिवाय घरी.

अक्का आमच्या वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या आणि कॉलेजात मक्तेदारीविरोधी कायदा शिकवायच्या. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. गल्लीतली पोरं क्रिकेटचा स्कोअर विचारायची, तर अक्का मला जिन्यात अडवून सांगायच्या, "अरे, अमेरिका आणि युरोपचे अधिकारी आता एकमेकांना कळवणार! करार झाला!"

काय कळवणार, असं मी एकदा चुकून विचारलं. संध्याकाळ गेली. जळगावात बनणाऱ्या प्लास्टिकच्या पाइपांना लागणारा कच्चा माल परदेशातून येतो. समजा, तिकडच्या कंपन्यांनी जेवता जेवता भाव ठरवला, तर भुर्दंड चाळीसगावच्या गिऱ्हाइकाला.

"पुरावा त्यांच्या कपाटात, नुकसान आपल्याकडे. दिल्लीतला मक्तेदारी आयोग ते कपाट उघडणार कसा? तिकडच्या आयोगानं सांगितलं तरच ना! कळवायला काय जातं?"

हे शेवटचं त्या इतक्या तळमळीनं म्हणायच्या की मीच काहीतरी दडवून ठेवलंय असं वाटायचं.

या सगळ्याशी माझा संबंध आला तो धाकट्या भावाच्या लग्नात. मुलगी धुळ्याची, लग्न धुळ्यात, बँड आमच्याकडे. मी आमच्या नेहमीच्या भिकामास्तरांकडे गेलो. ते म्हणाले, "धुयामा आम्ही वाजाडतस नही, भाऊ. त्या आठे येतस नही. बठ्ठं ठरेल शे."

जळगावातल्या बाकीच्या बँडवाल्यांचंही तेच: इकडचे धुळ्यात वाजवत नाहीत, तिकडचे इथे येत नाहीत, सगळं ठरलेलं. धुळ्यात विचारलं तर सगळ्यांचा दर एकच, आणि आपल्या दीडपट. तो आम्हाला परवडणारा नव्हता. त्यात दोंडाईच्याच्या मामांनी जाहीर केलं की वाजंत्रीशिवाय वरात निघाली तर ते मांडवात पाऊल ठेवणार नाहीत. आईची झोप उडाली.

मी अक्कांना सांगितलं. त्या जिन्यातच खाली बसल्या.

"गावं वाटून घेतलीत रे यांनी! तिकडून कुणीतरी आतली खबर द्यायला हवी."

"धुळ्यात तुमचं कोणी आहे?"

अक्का कठड्याचा सुटलेला रंग नखानं खरवडू लागल्या. "बहीण आहे," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत मी त्या बहिणीचं नावही ऐकलं नव्हतं.

एसटीडी बूथवर अक्कांनी दोनदा नंबर फिरवून मध्येच ठेवून दिला. तिसऱ्यांदा लागला.

"माई, मी सुमन. जळगावहून... हो, बरी आहे. आई गेल्याचं तू मला सगळे विधी आटोपल्यावर कळवलंस, ते असू दे. आत्ता बँडचं बोल."

माईंनी नंतर सगळं धुळं पालथं घालून बँडवाले गाठले आणि फोन करून सांगितलं, की धुळ्याचे म्हणतात, बंदी जळगावच्यांनी घातली आहे. अक्का तडक भिकामास्तरांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"आमनी बंदी?" मास्तर उखडले. "त्यास्नीच करी ती!"

बंदी कुणीच घातली नव्हती; दोन्ही गावं एकमेकांना भिऊन बसली होती. धुळ्यात वाजवायला या म्हणून अक्कांनी खूप समजावल्यावर मास्तर म्हणाले, "देखसूत." तिकडे दर उतरवा म्हणणाऱ्या माईंनाही तिथल्या एका मास्तरांनी "पाहू" एवढंच सांगितलं. या दोन शब्दांवर आम्ही वऱ्हाड घेऊन धुळ्याला पोचलो.

वरातीची वेळ झाली. घोडा सजला, नवरदेव चढला, बँडचा पत्ता नाही. मामा हाताची घडी घालून उभे. आई माझ्याकडे बघेना. अक्का रस्त्यात येरझाऱ्या घालत होत्या. "मी मध्ये पडले, दिगंबर, आणि होतं तेही घालवलं."

तेवढ्यात जळगावच्या बाजूनं टेम्पोत भिकामास्तर आले. आम्ही हुश्श करतोय तोच समोरच्या गल्लीतून लाल डगले घातलेला धुळ्याचा बँडही वाजतगाजत आला. मागे कोणीच हटेना. दोघांनी दोन वेगळी गाणी एकदम सुरू केली, घोडा बिथरला, आणि मामा दोन्ही गाण्यांवर नाचले.

पंगतीत अक्कांशेजारी तसंच नाक असलेल्या एक बाई येऊन बसल्या. मी वाढत होतो. दोघींना मी वरण-बट्टी वाढली. अक्कांनी विचारलं, "आईच्या वेळी तार का नाही केलीस गं, माई?"

माईंनी अक्कांच्या ताटातली बट्टी कुस्करायला घेतली.

"लिहून ठेवली होती. मग वाटलं, तू तिथे एकटी. तार वाचल्यावर तुला धरायला कोण होतं?"

मी तूप वाढायला वाकलो, तेव्हा अक्कांच्या डाव्या हाताच्या मुठीत माईंच्या पदराचं टोक होतं.