काकूंच्या चार दाढा

आमच्या बापूकाकांना कुठलीही वस्तू दाखवा, ते ती उलटीसुलटी करून आधी विचारतात, "किती वरसं टिकंल?" मग डोळे मिटून किमतीला वर्षांनी भागतात. "वरसाला किती पडली, ते बोल!" माझ्या लग्नातला कोटही त्यांनी असाच भागला होता. "एकदाच घालणार? मंग सगळी किंमत एका दिवसाची!" तेव्हा मी चिडलो होतो. आता तो कोट माझ्या पोटावर बसतच नाही, म्हणजे काकांचं गणित बराबर निघालं.

काका कुरुंद्याचे. हळदीचं शेत, घरात दोघंच, लेकरू नाही. काकू त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान. त्यांच्या खालच्या चार दाढा काढल्यापासून त्या भाकरी वरणात भिजवून नुसती गिळत होत्या. दात बसवायला वसमतला न्यायचं ठरलं आणि कारवाला पुतण्या म्हणून हिंगोलीला मला फोन आला. दोनदा मी कामाचं निमित्त काढलं. तिसऱ्यांदा निमित्तच सुचेना.

डॉक्टरीणबाईंनी तीन प्रकार सांगितले. काढ-घाल करायची कवळी, आठ हजार. आजूबाजूचे दात तासून बसवायचा ब्रिज, चाळीस हजार. आणि हाडात स्क्रू घालून पक्के दात, सव्वा लाख.

"टिकंल किती?"

"कवळी पाचेक वर्षांनी बदलावी लागेल, हिरडी झिजते. ब्रिज दहाएक वर्षं. स्क्रूचे दात नीट जपले तर वीस-पंचवीस."

काकांनी डोळे मिटले. ओठ हलायला लागले. "कवळी, वरसाला सोळाशे. ब्रिज, चार हजार. स्क्रूवाले, पाच हजार."

"मंग कवळीच बसवा," काकू तोंडाला पदर लावून म्हणाल्या. "मला काय पंचवीस वरसं जगायचंय व्हय?"

"तू गप बस!"

बाहेरचे पेशंट आत डोकावले. काकांचा चढा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

"काहून वरडून राहिले?" काकू पुटपुटल्या.

मला नेमका तेव्हाच शहाणपणा सुचला. "काका, तुमच्याच हिशोबानं कवळी स्वस्त..."

"तुला कुणी इचारलं?" त्यांच्या कपाळावर घाम आला होता. डॉक्टरीणबाई पेन उचलून थांबल्या होत्या. शेवटी काका म्हणाले, "स्क्रूवाले लिहा."

काकूंना एक्स-रेसाठी आत नेलं. काका बाकावर माझ्याजवळ सरकले आणि हळू आवाजात बोलायला लागले.

"कवळी सस्ती हाय, मलाबी कळून राहिलं. पर पाच वरसांनी हिला पुन्हा हितं आणायचं. मी आत्ताच पंच्याहत्तरचा. त्या बारीला मी नसलो, तर हिला घेऊन कोण येईल?"

"मी आणीन की," असं म्हणायला मी तोंड उघडलं. काका चटकन दुसरीकडे, एक्स-रेच्या दाराकडे बघायला लागले. मला ते म्हणावं लागू नये म्हणून.