डॉक्टरांपुढे एकटे

बायकोला बाहेर बसवून डॉक्टरांशी एकट्याने बोलायचं, ही अट ऐकल्यापासून ग्रंथपालांचा उजवा पाय हलत होता. नोकरीतून ते निवृत्त झाले होते, स्वभावातून नाही. आयुष्यभर त्यांनी लोकांना गप्प बसवलं आणि स्वतःही गप्प बसले. घशाचा कर्करोग बरा होऊन काही वर्षं लोटली, तरी दर तपासणीला डॉक्टरांना उत्तरं द्यायची ती पत्नीच. भूक कशी आहे, झोप कशी आहे, वर मीठ कसं घेतात, सांगितलेलं कसं ऐकत नाहीत. ग्रंथपाल शेजारी बसून मान हलवायचे.

आणि आज ही परिचारिका उपटली होती. कर्करोगातून उठलेली माणसं आणि त्यांचे डॉक्टर एकमेकांशी नेमकं काय बोलतात, यावर तिचं संशोधन चाललं होतं. तिने टेबलावर रेकॉर्डर ठेवला, "अगदी मोकळेपणाने बोला हं काका," म्हणाली आणि पत्नीला घेऊन बाहेर गेली.

मोकळेपणाने बोलावं असं एकच होतं. डाव्या जबड्याखाली गाठ लागत होती. दाढी करताना ती हाताला लागली, तेव्हापासून ग्रंथपाल घरातही मफलर गुंडाळून बसत. बायकोला कळलं तर ती अंथरूण धरेल, या धास्तीने त्यांनी ब्र काढला नव्हता.

"काय म्हणताय?" डॉक्टरांनी विचारलं.

"ठीक."

एरवी डॉक्टरांनी लगेच पुढचा प्रश्न टाकला असता. पण परिचारिकेने त्यांनाही बजावलं होतं, पेशंट अडखळला की तुम्ही फार घाई करता, जरा थांबा, तो बोलेल. डॉक्टर थांबले. ग्रंथपालांना वाटलं, डॉक्टर विचारात आहेत, मधेच हटकू नये. तेही थांबले. डॉक्टरांनी पेन फिरवलं. ग्रंथपालांनी पाय बदलला. कोणीच हरायला तयार नव्हतं.

दाराबाहेर पत्नीने कान लावला होता.

"आत कोणी बोलतच नाहीये गं."

"काकू, संशोधनात व्यत्यय येईल."

"येऊ दे. डॉक्टर इतके गप्प कधी बसतात? काहीतरी वाईट सांगायचं असलं की," असं म्हणत तिने दार ढकललंसुद्धा.

"काय म्हणाले डॉक्टर?" तिने नवऱ्याला विचारलं.

"काहीच नाही."

"म्हणजे सांगण्यासारखंही काही उरलं नाही?" ती मटकन खुर्चीत बसली.

"अहो बाई, मी तर अजून..." डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही थांबा, डॉक्टर." ती नवऱ्याकडे वळली. "अहो, त्या गाठीचं काय म्हणाले ते सांगा."

ग्रंथपालांचा पाय हलायचा थांबला. "कुठल्या गाठीचं?"

"पंखा लावून मफलर गुंडाळता, मला काय डोळे नाहीत? तुम्ही झोपलात की हात लावून बघतेय मी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही हाय खाल म्हणून. मी असले की तुमचं तोंड उघडत नाही, म्हणून तर या पोरीकडे तुमचं नाव दिलं मी. आणि इथे येऊन काय सांगितलंत? ठीक."

"तू घाबरशील म्हणून..."

"मग आता काय मी नाचतेय?"

"कोणती गाठ?" डॉक्टर हे तिसऱ्यांदा विचारत होते, पण त्यांचं ऐकतंय कोण? शेवटी ते उठले आणि स्वतःच मफलर सोडायला लागले.

त्यांनी मान चाचपली, बॅटरीने तोंडात पाहिलं. "ही दाढ कधीपासून दुखतेय?"

ग्रंथपालांनी सवयीने पत्नीकडे पाहिलं.

"महिना झाला एकाच बाजूने चावतायत," ती म्हणाली. "मला वाटलं, माझ्या स्वयंपाकावर राग आहे."

"बहुतेक किडलेल्या दाढेमुळेच सूज आलीय. तरी सोनोग्राफी आजच करू. अंदाजावर सोडायचं नाही."

तासाभराने डॉक्टरांनी चित्रं नीट पाहिली आणि दाढ काढायला सांगितलं. सूजच होती, भिण्यासारखं काही नव्हतं. पत्नीने पदराने आधी स्वतःचे डोळे पुसले, मग त्यांचा घाम.

परिचारिका जिन्यापाशी वाट बघत उभी होती. तिचा चेहरा पडला होता.

"काका, रेकॉर्डिंग फार सुरेख झालंय, पण नियमात बसत नाही. पुढच्या तपासणीला परत करावं लागेल. तेव्हा मात्र दोघांपैकी एकाला बाहेर बसावंच लागेल हं."

ग्रंथपालांनी मफलरची घडी करून पत्नीच्या हातात दिली.

"चालेल," ते म्हणाले. "मी बसतो."