साठ माणसं आणि एक जून

गणित रडवतं म्हणणाऱ्यांना मी हसवून दाखवणार होतो! अठ्ठावीस वर्षं कल्याणच्या शाळेत गणित शिकवलंय, काही थट्टा नाही! विठ्ठलवाडीच्या आमच्या विहारात रविवारी वंदना झाली, की 'गणिताची गंमत'. कमिटीचे सेक्रेटरी महेंद्र कांबळे कुरकुरले, "सर, लोक पळून जातील."

"बाहेरून कडी लावा!" मी म्हणालो.

साठ माणसं जमली. मी खडू परजला. "वर्षात दिवस तीनशे पासष्ट, तुम्ही फक्त साठ. तरी तुमच्यातल्या दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी निघणार! शंभरात नव्याण्णव टक्के! नाही निघाला, तर हा खडू खाईन!"

पहिल्या रांगेत आबा जाधव. खोपटच्या एसटी डेपोतून मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले.

"एक जून," आबा म्हणाले.

शेजारी त्यांच्या बायको, कांताताई. "एक जून."

दुसऱ्याच माणसाला जोडी! मी टाळ्यांसाठी थांबलो. हॉल असा शांत, जणू मी वीजबिल वाचून दाखवत होतो.

"त्यात काय, सर?" मागून कुणीतरी ओरडलं. "मीपण एक जून!" "मीपण!" भराभर एकोणीस हात वर. आमच्या पिढीला शाळेत घालताना गुरुजींनी सरसकट एक जून लिहिलेला! माझ्या नव्याण्णव टक्क्यांची पार हवा गेली.

पण मी मागे हटणारा नव्हे! "कागदावरची नको! खरी सांगा!"

इथेच चुकलं.

"खरी कुठली?" कांताताई म्हणाल्या. "आई नागपूरला दीक्षेला गेलेली, तेव्हा मी तिच्या कडेवर होते."

"माझी आईपण गेलेली की!" आबा खुशीत म्हणाले. "मी तेव्हा पोटात होतो."

मी फळ्यावर लिहायला लागलो आणि माझाच हात थांबला. साठ माणसांनी मनातल्या मनात वजाबाकी केली. माझ्या वर्गात इतकी झटपट कधी कुणी केली नव्हती!

कांताताई सावकाश उठल्या. "म्हणजे मी मोठी? पन्नास वर्षं 'तू लहान आहेस, तुला काय कळतंय' ऐकलं मी! आजपासून मला 'अगं' म्हणायचं नाही. 'अहो' म्हणायचं!"

हॉलमध्ये हशा फुटला! बायका उठल्या, आपापल्या नवऱ्याचा खरा जन्म काढायला एकमेकींना जुने पूर, लग्नं, रोगांच्या साथी विचारायला लागल्या. पुरुष दाराकडे सरकले, तर कडी बाहेरून!

"सर, हे गणित मागे घ्या!" आबा गरजले.

"गणित मागे घेता येत नाही, आबा!" मी खुर्चीवर चढलो. "घरात वाजलं म्हणून उत्तर बदलत नसतं!"

"माफी मागा," महेंद्र कांबळे कानाशी लागले. "नाहीतर पुन्हा हॉल मिळणार नाही."

"नका देऊ! गच्चीत शिकवेन!" बायकांनी काय टाळ्या वाजवल्या! आबा बराच वेळ तोंड फुगवून बसले. शेवटी खालमानेने पुटपुटले, "अहो... चला घरी." कडी निघाली आणि कांताताई अशा चालत गेल्या, जणू डेपो मॅनेजर तपासणीला निघालाय.

मी छाती काढून घरी आलो, पण विहारातली बातमी माझ्याआधीच पोचलेली. बायको, स्वप्ना, माझ्या आईशी फोनवर बोलत होती. स्पीकर चालू. कागदावर मीही एक जूनचाच, आणि स्वप्नापेक्षा दोन वर्षांनी मोठा.

"रवींद्र होय?" आई सांगत होती. "मोठा दुष्काळ सरला आणि पाऊस लागला बघ, त्या आषाढातला."

म्हणजे त्र्याहत्तरचा जुलै. स्वप्नाचा जन्म उल्हासनगरच्या दवाखान्यातला, पक्क्या दाखल्याचा. मार्च त्र्याहत्तर.

तिने फोन ठेवला आणि ती माझ्याकडे वळली. मी खुर्ची शोधली. या वेळी बसायला.

"आईचं वय झालंय गं," मी म्हणालो. "तिचं बोलणं काय मनावर घेतेस?"

"घेतेस नाही," स्वप्ना म्हणाली. "घेता."