प्रोजेक्टरांची प्रवेश परीक्षा

हणमंतरावांच्या घरातला टीव्ही दोन वर्षं चादरीखाली होता. लातूरच्या त्या गल्लीत असा रिवाजच होता. लेकरू अकरावीत गेलं की केबल तोडायची, टीव्हीवर चादर टाकायची आणि पाहुण्यांना सांगायचं, बारावीनंतर या. इंदूबाईंनी तर थोरल्या मनस्विनीच्या अभ्यासात शिट्टीचा व्यत्यय नको म्हणून कुकरही बंद ठेवला होता. दोन वर्षं वरण पातेल्यात शिजलं.

त्याचं चीज झालं. मनस्विनीला नांदेडला डॉक्टरकीसाठी प्रवेश मिळाला. रविवारी ती हॉस्टेलवर जाणार होती. हणमंतरावांनी मोठ्या थाटात चादर ओढली आणि बटण दाबलं. टीव्ही चालू झाला नाही. आतून फक्त एक पाल बाहेर आली.

"मेला वाटतं," धाकटा सर्वेश म्हणाला.

"मरू दे," हणमंतराव म्हणाले. "पोरगी जायच्या आधी आपण चौघं मिळून एक पिच्चर बघणार म्हणजे बघणार. अन् तो बी प्रोजेक्टरवर!"

प्रोजेक्टर म्हटलं की चांदपाशाभाई. गावातल्या निम्म्या क्लासेसना तेच प्रोजेक्टर पुरवत. वस्तू आधी घरी लावून बघा, पसंत पडली तर ठेवा, असा त्यांचा धंदा. त्यांनी हणमंतरावांना एकदम तीन प्रोजेक्टर दिले. एक सायकलीच्या किमतीचा, एक फ्रीजच्या आणि एक मोटारसायकलीच्या.

"शनिवारपर्यंत बेफिकीर बघा," ते म्हणाले. "रविवारी मोठे दोन एका क्लासला द्यायचेत. पसंत पडला तर तसलाच नवा मागवून देतो."

दुसऱ्या कुठल्या गावात माणसाने तीन प्रोजेक्टर लावले असते आणि एक निवडला असता. पण लातूरकराला परीक्षेशिवाय निवड कशी करता येणार? सर्वेशने लगेच नियम केले. चित्राला मार्क, आवाजाला मार्क, आणि गरम झाला तर उणे मार्क.

"पिच्चर मात्र लावायचा न्हाई," हणमंतरावांनी बजावलं. "आधीच बघितला तर शनिवारी काय मजा?"

मग काय लावणार? घरात होते ते मनस्विनीच्या क्लासचे धडे. पेन ड्राइव्हमधला भिंगाचा धडा निघाला. भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, खिडक्यांना घोंगड्या लावल्या. प्रोजेक्टर स्टुलावर ठेवला. वर टांगायचा प्रश्नच नव्हता. भूकंपात इंदूबाईंचं माहेरचं घर डोळ्यांदेखत खाली बसलं होतं, आणि तेव्हापासून डोक्यावर काही टांगलेलं त्यांना चालत नसे.

सायकलीच्या प्रोजेक्टरवर शिकवणारे सर धुक्यात उभे असल्यासारखे दिसले.

"नापास," सर्वेश म्हणाला.

फ्रीजच्या प्रोजेक्टरवर सर छान दिसले, पण आतला पंखा असा घरघरला की भिंगाऐवजी पिठाच्या गिरणीचा धडा चालल्यासारखं वाटलं.

"उणे मार्क!"

मोटारसायकलीचा प्रोजेक्टर लागला आणि चौघांनी श्वास रोखला. काय तो उजेड! सरांच्या मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा. आणि त्या मिशीपासून थेट छतापर्यंत, भिंतीत एक बारीक भेग.

"अहो," इंदूबाई हळूच म्हणाल्या, "ही भेग बुजवली म्हणला होता ना तुम्ही?"

"बुजवली की! नुसतं प्लास्टर हाय ते. इंजिनिअरनं बघून सांगितलंय, भिंत पक्की हाय."

"म्हणून कॅलेंडर इतकी वर्षं तिथून हलवू दिलं न्हाई व्हय? मी न्हाई बसणार हिच्याखाली."

इंदूबाई उठल्या त्या उठल्याच. त्यांच्याशिवाय चौघं कसे होणार? तेव्हा शनिवारी संध्याकाळी मोटारसायकलीचा प्रोजेक्टर गच्चीवर गेला. पाण्याच्या टाकीच्या पांढऱ्या भिंतीवर चित्र जुळवायला हणमंतरावांनी पुन्हा भिंगाचा धडा लावला. टाकी अशी उजळली की अख्ख्या गल्लीला सर दिसले.

समोर गौरम्माअक्कांचं मुलींचं वसतिगृह होतं. अक्का मूळच्या देगलूरच्या, शिस्तीच्या कडक. त्यांच्या गच्चीवर एक मुलगी आली, मग दुसरी. बघता बघता कठड्याला रांग लागली. सगळ्यांच्या हातात वह्या.

"पप्पा, त्या उतरवून घेत आहेत," मनस्विनी म्हणाली.

"घेऊ दे. झालं आपलं. आता पिच्चर!"

टाकीवर ढोल वाजला, नायिकेने गिरकी घेतली, आणि समोरून गौरम्माअक्कांचा आवाज आला.

"ओ भाऊ! बंद करा ते! उद्या टेस्ट हाय पोरींची! यांच्या आईबापांना मी काय सांगू, गच्चीवर नाच दाखवून राहिले म्हणून?"

"अक्का, आमच्या घरचा पिच्चर हाय!"

"मग घरात बघा की! आमच्या पोरींना काय भिंतीकडं तोंड करून बसवू का?"

"काका, तो आधीचाच लावा ना," कठड्यावरून एक मुलगी म्हणाली. "आकृती अर्धीच राहिली."

दोन वर्षं तेच सोसलेला बाप तो. हणमंतरावांनी पुन्हा धडा लावला. पण आवाज तिथवर पोचेना. तेव्हा मनस्विनी उठली, आवाज बंद करून टाकीपाशी गेली आणि स्वतःच सांगू लागली.

"समजा, हे तुमच्या आजोबांचं भिंग आहे. सुईत दोरा ओवताना ते कुठं धरतात? जवळ. का बरं?"

दोन वर्षं हणमंतरावांनी लेक बघितली होती ती दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडाएवढीच. आज ती उजेडात उभी होती. एका मुलीला कळलं नाही तर न रागावता पुन्हा सांगत होती, तिसऱ्यांदा सांगताना स्वतःच हसत होती. गौरम्माअक्काही खुर्ची घेऊन बसल्या. प्रोजेक्टर न्यायला आलेले चांदपाशाभाई जिन्यात कधीचे उभे होते.

"इतने क्लासला प्रोजेक्टर दिले मी," ते हळूच म्हणाले, "पण आतलं शिकवणं आज कळलं. हिच्यासाठी हा आणखी घंटाभर राहू द्या."

घंटाभराने वसतिगृहाची जेवणाची घंटी झाली. चांदपाशाभाई मोठे दोन प्रोजेक्टर घेऊन गेले. खोलीत स्टुलावर नापास झालेला तेवढा उरला.

"राहिलाच पिच्चर," हणमंतराव खाली बसले.

"तो लावा की," इंदूबाई म्हणाल्या. "त्याच्यात भेग दिसत न्हाई."

खरंच दिसली नाही. उजेड मंद, चित्र लहान, त्यामुळे चौघांना एकाच बाजेवर खांद्याला खांदा लावून बसावं लागलं. नायिका धुक्यात नाचली, खलनायक धुक्यात पडला. भुईमुगाच्या शेंगा संपल्या. इंदूबाई शेवटपर्यंत त्याच भिंतीकडे बघत हसत होत्या.

"आता सोमवारी मोटारसायकलीवाला नवाच मागवतो," हणमंतराव खुशीत म्हणाले.

"पप्पा, हाच ठेवा," मनस्विनी म्हणाली.

"हा? नापास झालेला?"

"सोमवारी सर्वेशची अकरावी सुरू होते."

हणमंतरावांनी सर्वेशकडे बघितलं. सर्वेशने दारामागे बघितलं. इंदूबाईंनी चादर धुऊन, घडी करून तिथे कधीच ठेवली होती.

"चादरीखाली तिन्ही सारखेच दिसतात, पप्पा," मनस्विनी म्हणाली.

 मग सर्वेशने उरलेल्या टरफलांत एक शेंग शोधली आणि विचारलं, "पण आज तर शनिवारच हाय ना?"

हणमंतराव उठले आणि त्यांनी पिच्चर पुन्हा पहिल्यापासून लावला.